आडनाव आधी

आडनाव आधी, मग स्वल्पविराम,
मग नावाचं पहिलं अक्षर, टिंब.
वर्ष कंसात. नियतकालिकाचं नाव तिरकं.
खंड ठळक, अंक ठळक नाही.
का नाही, ते नियमावलीत दिलेलं नाही.

साकोलीहून बावीस किलोमीटर,
शाळेमागच्या भाड्याच्या खोलीत
मी एक्केचाळीस संदर्भ रांगेत उभे करतोय.
एक सरळ केला की दुसरा सरकतो,
प्रार्थनेच्या वेळी पोरं सरकतात तसा.
तासिका तत्त्वावरचा माणूस मी.
या निबंधाचे गुण पडले
तर जूनमध्ये पुन्हा बोलावतील, कदाचित.

सहाव्याला पृष्ठांक नाही;
नागपूरच्या झेरॉक्सवाल्यानं कडेचा आकडा कापलाय.
अकराव्यात लेखक पाच,
आणि 'आणि इतर'मध्ये नेमक्या त्याच बाई गेल्यात
ज्यांनी पाच पावसाळे जाळ्यातले मासे मोजले.

सतरावा मात्र झोपू देत नाही.
तलावातल्या 'परसूर' नावाच्या गवताबद्दल
२०१४चा निबंध म्हणतो: पाहा, १९८८चा प्रबंध.
प्रबंध म्हणतो: पाहा, १९३१चा अहवाल.
अहवाल कुण्या साहेबाचा, स्कॅन वाकडं,
कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलेला.
आणि तिथं, तळटीपेत, बारीक इंग्रजीत:
असे एका ढिवराच्या बायकोने सांगितले.
आडनाव नाही. आद्याक्षर नाही.
टिंब तेवढं आहे, वाक्याचं.

सकाळी तलावाच्या पाळीवर गेलो.
धान निघालेलं, बांध्यांमध्ये लाखोरीची निळी फुलं.
सुकवाराबाई मारबते जाळ्यातला काडीकचरा वेचत होत्या.
विचारलं, इथं परसूर कुठं उगवते?
त्या इतक्या हसल्या की तोंडातला खर्रा थुंकावा लागला.
"परसूर कायचं जी? परसूड होय थे.
कोनं लिवलन असं?"

साहेबाच्या कानात ड चा र झाला असणार.
पुढचे सगळे त्या र ला
नीट अवतरणचिन्हांत जपत आले,
पृष्ठांकासकट.
एवढ्या वर्षांत या चिखलात कुणी उतरलं नव्हतं.
मीही बूट घालूनच आलो होतो.

वही काढली. म्हटलं, आडनाव आधी सांगा.
"माहेरचं का सासरचं?"
सासरचं. आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?
"माह्या आजेसासूनं."
तिला?
त्यांनी पाण्याकडे हात केला
आणि पुन्हा कचरा वेचू लागल्या.

नियम चौदा, पोटनियम ग:
तोंडी माहिती यादीत घेऊ नये.
मजकुरात कंस करावा, 'वैयक्तिक संवाद', दिनांक. बस.

रात्री दोनदा लाईन गेली.
बारा वाजता संकेतस्थळ बंद होणार होतं.
तरी एकदा बसवून पाहिलं,
मलिक आणि मेश्राम यांच्यामध्ये
मारबते, सु.
स्वल्पविराम बसला, टिंब बसलं.
पृष्ठांकाच्या जागी काय लिहावं सुचेना.
पाळीवरचा तिसरा दगड?
मग खोडलं.
यादी एक्केचाळीसचीच राहिली.
मजकुरात परसूड लिहिलं, कंस केला, तारीख घातली,
अकरा सत्तावन्नला पाठवलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं.
परीक्षक क्रमांक एक: संदर्भसूची उत्तम.
परीक्षक क्रमांक दोन: 'परसूड? शब्द तपासावा.
१९३१च्या अहवालात परसूर आहे.'

लाखोरी एव्हाना उपटून झाली होती.
तलाव मागे सरकलेला, काठाला भेगा.
सुकवाराबाई दिसल्या नाहीत.
मी बूट पाळीवर ठेवले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.